कापलेली स्ट्रिप

मे महिन्यातली दुपार, धरमपेठेतलं एक औषधाचं दुकान, आणि काउंटरवरचा पोरगा मला समजावतोय, "काका, कंटेंट सेमच आहे ना जी." माझं औषध व्हेनलाफॅक्सिन, नैराश्य-चिंतेवरचं, ७५ मिलिग्रॅमचं, पोटात हळूहळू सुटणारं. सहा वर्षं झाली घेतोय. नेहमीच्या कंपनीचा माल वरूनच येत नव्हता म्हणे. म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीच्या दोन अर्धवट स्ट्रिपमधून पाच-पाच कॅप्सूल कात्रीने कापल्या, खाकी पाकिटात टाकल्या आणि वर बॉलपेनने '१-०-०' लिहिलं. मागे रांग होती. मी पैसे दिले, बिल मागितलं नाही, निघालो.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीकसा करंट लागायला लागला. सकाळी मळमळ. घाम तर बनियन पिळावं इतका; पण मे महिन्यात नागपुरात घाम कोणाला येत नाही? चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही परत तसेच गप्प व्हायला लागलात." ते मात्र टोचलं. डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "कोणत्या कंपनीची?" मी कापलेले दोन तुकडे टेबलावर ठेवले. एकावर ब्रँडच्या नावाचं शेपूट, दुसऱ्यावर बॅच नंबरचे शेवटचे दोन आकडे. मुदतीचा महिना कात्रीत गेलेला, साल शिल्लक. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "यावरून मी काय सांगू?"

तेव्हापासून 'जेनेरिक चांगलं की ब्रँडेड' हा वाद कुणी काढला की मला ते तुकडे आठवतात. या वादात ज्याची त्याची बाजू आधीच ठरलेली असते. एकाचं म्हणणं, स्वस्तातलं औषध डोक्याच्या आजाराला लागू पडेलच कसं? दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं कंपन्या, त्यांचा माल खपवणारे एमआर आणि डॉक्टर यांचं साटंलोटं आहे, गोळी तीच. दोघंही जोरात बोलतात. पण समोरचा माणूस नेमकी कोणती गोळी गिळतोय हे दोघांनाही ठाऊक नसतं.

नैराश्याच्या औषधांपुरतं बोलायचं तर हा वाद आपण अमेरिकेतून उसना आणला आहे. तिथे ब्रँड म्हणजे ज्या कंपनीने औषध शोधलं तिची गोळी, आणि जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर इतरांनी काढलेली. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळतच नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मिळायचं. हे २००५ साली बदललं. फ्लुओक्सेटिन, सरट्रलिन, व्हेनलाफॅक्सिन, एसिटालोप्राम ही सगळी औषधं त्याआधीच जगाच्या बाजारात आली होती, आणि आपल्या कंपन्यांनी ती आपापल्या नावांनी काढली. म्हणजे डॉक्टर ज्याला 'चांगल्या कंपनीचं' म्हणतात तेही जेनेरिकच. फक्त त्याला बारशाचं नाव आहे आणि ते नाव डॉक्टरांच्या तोंडी बसवणारा एमआर आहे. त्यात आणखी एक मेख. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत बघा: बनवणारा एक, विकणारा दुसरा असं पुष्कळदा दिसेल. हिमाचलातल्या बद्दीला किंवा हरिद्वारला एकाच कारखान्यात महागडं नाव आणि स्वस्त नाव दोन्ही भरली जाऊ शकतात, आणि उद्या तेच महागडं नाव दुसऱ्या कारखान्यातून येऊ शकतं. नावाला चिकटून राहणारा रुग्ण गोळीला चिकटून असेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे खरा दुष्परिणाम स्वस्त-महागाच्या भांडणात सापडत नाही. गोळी न सांगता बदलते, आणि बदलली याची नोंद कुठेही राहत नाही, तिथे तो सापडतो. ज्याच्या पोटात ती जाते त्याचं बोलणं आजारपणाच्या खात्यावर टाकलं की मग विषयच संपतो.

आधी गोळीचंच बघू. दोन कंपन्यांची गोळी 'सारखी' आहे हे ठरवायला निरोगी माणसांना दोन्ही देऊन रक्त तपासतात: औषध किती चढलं आणि सगळ्यात जास्त किती वर गेलं. नव्या गोळीचे आकडे मूळ गोळीच्या ८० ते १२५ टक्क्यांत बसले पाहिजेत. हे वाचून लोक घाबरतात, म्हणजे वीस टक्के कमी औषध चालतं की काय! तसं नाही. त्या हद्दीत सरासरी आकडा बसून भागत नाही. चुकीला जागा सोडून काढलेली वरची आणि खालची अशी दोन्ही टोकं आत यावी लागतात. त्यामुळे सरासरी काठावर राहूच शकत नाही. अमेरिकेतली औषधं मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने १९९६ ते २००७ मधल्या अशा २,०७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शरीरात गेलेल्या औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. एवढा फरक तर एका दिवशी पोहे खाऊन आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी गोळी घेतली तरी पडावा.

पण ही अमेरिकेची गोष्ट. आपल्याकडे बराच काळ अशी पद्धत होती की एखादं औषध 'नवीन' म्हणून मंजूर होऊन चार वर्षं झाली की राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादनाचा परवाना घेता यायचा आणि ही रक्ताची चाचणी दाखवावी लागत नसे. ३ एप्रिल २०१७ ला नियम बदलला आणि जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत त्यांच्यासाठी चाचणी सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण आज दुकानात उभं राहून एखाद्या स्ट्रिपची चाचणी झाली आहे की नाही हे मला कळायचं कसं? स्ट्रिपवर उत्पादकाचा पत्ता असतो, परवाना क्रमांक असतो, किंमत असते, 'मुलांपासून दूर ठेवा' असतं. हे एवढं नसतं.

चाचणी झाली तरी भागतंच असं नाही, आणि इथे ब्युप्रोपिऑन या नैराश्याच्या औषधाची अमेरिकेतली गोष्ट सांगायलाच हवी. वेलब्युट्रिन एक्सएल ३०० या मूळ औषधाची बुडेप्रिऑन एक्सएल ३०० ही जेनेरिक गोळी. इम्पॅक्सने बनवलेली, टेव्हाने विकलेली. डिसेंबर २००६ मध्ये मंजुरी मिळाली. लवकरच रुग्णांच्या तक्रारी सुरू झाल्या: डोकं दुखतं, झोप उडाली, जीव घाबरतो, आणि नैराश्य परत आलं. २००८ मध्ये एफडीएने कागदपत्रं पुन्हा तपासून जाहीर केलं की गोळी समतुल्य आहे; आणि नैराश्य हा चढउताराचाच आजार आहे, परत येऊ शकतो. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण चाचणी झाली होती १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर, आणि तिच्यावरून ३०० ची मान्य करून टाकली होती. अखेर एफडीएने स्वतः २४ निरोगी लोकांवर ३०० ची चाचणी केली. नवी गोळी औषध मूळ गोळीपेक्षा लवकर सोडून देत होती, आणि रक्तातलं सर्वोच्च प्रमाण मूळच्या जेमतेम ७५ टक्क्यांपर्यंत जात होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती बाजारातून गेली. म्हणजे रुग्ण जवळपास सहा वर्षं खरं बोलत होते.

ही गोष्ट ऐकली की जेनेरिकविरोधी मंडळी टाळ्या पिटतात. त्यांनी न्यूझीलंडचीही ऐकावी. तिथे सरकारी खर्चाची औषधं फार्मॅक ही संस्था ठरवते. २०१७ मध्ये तिने व्हेनलाफॅक्सिनचं एकच जेनेरिक ठेवलं आणि सुमारे ४५ हजार रुग्ण त्यावर गेले. पुढच्या वर्षी काही रुग्णांच्या तक्रारी बातम्यांत आल्या, आणि त्यापाठोपाठ दुष्परिणामांच्या नोंदी एकदम वाढल्या. वाढल्या त्याही विशेषकरून बातमीत सांगितलेल्या लक्षणांच्या. गोळी आदल्या महिन्यात होती तीच होती. अपेक्षेने त्रास होतो, खरा होतो, मळमळ खरीच येते. फक्त ती कॅप्सूलमधून आलेली नसते.

माझंही औषध व्हेनलाफॅक्सिनच. मग माझा तो करंट कोणत्या गोष्टीतला? प्रामाणिकपणे सांगतो, मला ठरवता आलेलं नाही. हे औषध शरीरातून फार लवकर जातं. पाच-सहा तासांत निम्मं उतरतं, त्याचं शरीरात बनणारं पुढचं रूप अकरा तासांत. म्हणून एक डोस चुकला तरी डोक्यात तो झटका येतो, आणि कॅप्सूल नीट सुटत नसेल तर तीच गत. उलट फ्लुओक्सेटिन दिवसेंदिवस रेंगाळतं, त्याची कंपनी बदलली तर बहुतेकांना पत्ताही लागू नये. म्हणजे 'जेनेरिकने त्रास होतो का' या प्रश्नाला सगळ्या औषधांसाठी एक उत्तर असूच शकत नाही. हळूहळू सुटणारं व्हेनलाफॅक्सिन, ब्युप्रोपिऑन, पॅरॉक्सेटिन यांची अदलाबदल जपून व्हावी. साध्या एसिटालोप्रामच्या गोळीवरून रडारड नको. पण माझ्या बाबतीत दुसरीही शक्यता आहे: वेगळ्या रंगाची स्ट्रिप बघताक्षणी मी धसका घेतला असेन. मी तसा घाबरट आहे, आणि घाबरटपणा हाच तर माझा आजार.

नागपुरात या गोंधळात तिसरा भिडू असतो, ऊन. स्ट्रिपवर लिहिलेलं असतं, तीस अंशांखाली ठेवा. मे महिन्यात आमच्या गावात तीस अंशांखाली फ्रीज आणि एसी सोडून काय असतं? दवा बाजारातून टेम्पो निघतो, दुकानापाशी खोकी उन्हात उतरतात, मग गोळ्या स्कूटरच्या डिकीत जातात आणि डिकी पंचेचाळीस अंशांत ऑफिसबाहेर दिवसभर उभी. गोळी बिघडल्याचा दोष आपण कंपनीला देतो, डिकीला कुणी देत नाही. आणि घाम, चक्कर, गळाठा ही लक्षणं औषधाचीही असतात आणि उन्हाचीही. माझ्या ओळखीतल्या एका आजींना चक्कर यायची, बोलणं असंबद्ध व्हायचं. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून खिशात कांदा ठेवायला सांगितलं आणि पन्हं पाजलं. रक्त तपासलं तेव्हा सोडियम खाली गेलेलं. वयस्कर माणसांत, त्यातून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, नैराश्याच्या गोळ्यांनी हे होऊ शकतं. ब्रँडेड असो की जेनेरिक, दोन्हींनी. त्या आजींच्या मुलाने मात्र दोष दिला होता स्वस्त गोळीला.

स्वस्ताईबद्दलची ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचे नमुने घेतले गेले आणि गोळीत औषधच नसल्याचं निघालं. २०२४ च्या आरोपपत्रात टाल्कम पावडर आणि स्टार्चचा उल्लेख आला. ते प्रतिजैविक होतं, नैराश्याचं औषध नव्हे. पण मला त्यातली एक बाब फार बोचते. न्यूमोनियाचा रुग्ण पावडरच्या गोळीने बरा झाला नाही तर डॉक्टर औषधावर संशय घेतील. नैराश्याचा रुग्ण बरा झाला नाही तर संशय रुग्णावर जातो: गोळ्या नियमित घेत नसेल, घरात ताण असेल, मनाचे खेळ असतील. नकली गोळीला लपायला यापेक्षा चांगला आजार नाही.

तरीही मी जेनेरिकच्या बाजूचा आहे, आणि हे मी डॉक्टरांनाही सांगितलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचं आढळलं. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, आणि तिकडची कितीतरी माणसं उपचाराला नागपूरलाच येतात. बालाघाटहून बसने येणाऱ्या बाईला महिन्याच्या गोळ्या परवडल्या नाहीत की ती पंधरा दिवसांनी बंद करते. अचानक बंद केल्याने जो त्रास होतो तो कोणत्याही जेनेरिकच्या दुष्परिणामापेक्षा मोठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर लिहिलेलं आहे की अत्यावश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट आणि कायम मिळाली पाहिजेत. एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन राष्ट्रीय यादीत आहेत. 'कायम' हा शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. सरकारची स्वस्त जेनेरिकची जनऔषधी केंद्रं २००८ पासून आहेत, २०२३ पर्यंत देशात दहा हजारांवर गेली, आणि त्यांच्या मालाची बॅचनिहाय प्रयोगशाळेत तपासणी होते. नव्याने उपचार सुरू करणाऱ्याने तिथून सुरुवात करावी आणि तिथेच टिकून राहावं, असं मी कुणालाही बिनधास्त सांगेन. भर 'टिकून' या शब्दावर आहे.

कारण नेमकं तेच होत नाही. सरकारी दवाखान्यात औषध निविदेने येतं. निविदा बदलली की गोळीचा रंग बदलतो. खाजगी दुकानात माल शॉर्ट पडला की बदलतो, किंवा दुसऱ्या मालावर स्कीम जास्त असली की बदलतो. गंमत अशी की हे कायद्यात बसतच नाही. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ (११अ) हा नियम सांगतो की शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध चिठ्ठीवर देताना त्याऐवजी दुसरं देऊ नये, घटक तोच असला तरीही. 'कंटेंट सेमच आहे' हे उत्तर नियमाने आधीच खोडून ठेवलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना फक्त जेनेरिक नावानेच लिहायला सांगितलं. डॉक्टरांच्या संघटनांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात आयोगाने नियम स्थगित केले. संघटनांचा मुद्दा होता की असं केलं तर कंपनी निवडायचा अधिकार डॉक्टरकडून दुकानदाराकडे जाईल. मुद्दा बरोबर आहे. फक्त तो अधिकार आज तरी डॉक्टरकडे आहे कुठे? माझ्या चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला होता, आणि कात्री दुकानदाराच्या हातात होती.

माझी मागणी फार मोठी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक लिहावं आणि शेजारी, रुग्ण ज्यावर स्थिर आहे त्या कंपनीचं. बदल करावा लागला तर दुकानाने तोंडाने सांगावं, चिठ्ठीवर लिहावं आणि डॉक्टरांना कळवावं. दोन मिनिटांचं काम आहे, आता तर व्हॉट्सॲप आहे. चाचणी झाली की नाही हे स्ट्रिपवर छापावं. २०१८ पासून जेनेरिक नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती आणता आली, तर ही एक ओळही आणता येईल. सरकारी दवाखान्याने निविदा बदलताना निदान हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या रुग्णांना आधी सांगावं: रंग बदलेल, घाबरू नका, पण दहा-पंधरा दिवसांत काही वेगळं वाटलं तर या. एवढं वाक्य ऐकलं असतं तर न्यूझीलंडमधली निम्मी भीती टळली असती, आणि अमेरिकेतल्यांना सहा वर्षं ओरडावं लागलं नसतं.

यावर दुकानदार मित्र म्हणतात, "तुम्ही एकटे नाही येत जी, दिवसाला तीनशे लोक येतात." खरं आहे. तीस गोळ्यांची स्ट्रिप अख्खी घ्या म्हटलं तर रोजंदारीवाला तसाच परत जातो. त्याला तीन दिवसांच्याच गोळ्या हव्या असतात. कात्री ही त्याचीच सोय आहे. मला कात्री बंद करायची नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी माझी तक्रार नोंदवायचं ठरवलं. आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे, मुख्य केंद्र गाझियाबादला. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही स्वतः कळवू शकतो, फॉर्म मराठीतही मिळतो. त्यांच्याकडे पाच-सहा वर्षांत असा फॉर्म मागणारा मी पहिलाच. औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू, कधी त्रास, सगळं भरलं. मग आला उत्पादकाचा रकाना, आणि बॅचचा. तिथे डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी तुकड्यांकडे पाहिलं, आणि त्यांनी दोन्ही रकान्यांत आडवी रेघ मारली. संध्याकाळी मी दुकानात जाऊन विचारलं. पोराने खण उघडून पाहिला. "तो माल तर संपला जी."

आता माझी नेहमीची कंपनी परत मिळते. करंट गेला, कशाने गेला, देव जाणे. मी पक्कं बिल घेतो आणि स्ट्रिपचा फोटो काढून ठेवतो. गोळ्या सुट्या घ्यायची वेळ आलीच तर त्या पोराला सांगतो, नाव आणि बॅच ज्या टोकाला आहे तिकडून कापून दे. तो हसतो आणि देतो. मग नाव नसलेला उरलेला तुकडा परत खणात टाकतो, पुढच्या गिऱ्हाइकासाठी.